गावची इगर्ज आणि तिचा चुना

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या आमच्या गावच्या इगर्जीभोवती, म्हणजे चर्चभोवती, बांबूंची परांची उभी राहते. चार महिन्यांच्या पावसाने दर्शनी भिंतीवर शेवाळाचे काळपट-हिरवे ओघळ उतरलेले असतात आणि डिसेंबरातलं फेस्त, म्हणजे इगर्जीचा सण, तोंडावर आलेलं असतं. गवंडी परांचीवर चढतो, पण लगेच कुंचला हातात घेत नाही. बोटं दुमडून तो भिंतीवर टकटक करत जातो, बाजारात फणस वाजवून बघतात तसा. भरीव आवाज आला की पुढे सरकतो. 'बद्द' असा पोकळ आवाज आला की तिथे खडूने गोल काढतो. यंदा मी खाली उभा राहून ते गोल मोजले. सतरा निघाले. त्यातले बारा नैऋत्येच्या अंगाला, जिथून पाऊस झोडपतो.

गोल म्हणजे त्या जागी गिलाव्याने दगडाची साथ सोडली आहे. दोघांच्या मध्ये फट पडली, फटीत पाणी शिरलं. तेवढाच भाग खरवडून काढायचा, आतला दगड सुकू द्यायचा, नव्या चुन्याने भरायचा आणि मग सगळ्या भिंतीला चुन्याची सफेती द्यायची. इतकं साधं काम. पण गोव्यातल्या गावोगावच्या इगर्जी तीन-तीनशे वर्षं उभ्या आहेत त्या या साध्या कामावर. हा वारसा समजून घ्यायचा तर सुरुवात या टकटकीपासून करावी असं मला वाटतं.

आधी एक गोंधळ निस्तरू. गोवा बघायला येणारी मंडळी जुन्या गोव्याला जातात, बॉम जेझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल बघतात आणि 'गोव्यातली चर्चं पाहिली' म्हणून परत जातात. पण ही सगळी एका जातीची चर्चं नव्हेत. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं पीठ असलेलं चर्च. बॅसिलिका हा पोपने दिलेला मान आहे. जुन्या गोव्यातली बरीचशी बाकी चर्चं संन्यासी संघांची होती: फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन. शेजारी त्यांचे मठ होते. आणि गावातली इगर्ज म्हणजे पॅरिश चर्च. पॅरिशला वसईकडचे मराठी ख्रिस्ती 'धर्मग्राम' म्हणतात, आणि हा शब्द फार नेमका आहे. एक गाव किंवा चार-दोन वाडे, तिथली कुटुंबं, त्यांच्यासाठी नेमलेला एक पाद्री आणि त्या सगळ्यांचं एक चर्च. बारसं तिथे, लग्न तिथे, शेवटची प्रार्थना तिथे. वाड्यावाड्यावर छोटी कपेलं, म्हणजे प्रार्थनाघरं, असतात, ती या इगर्जीची लेकरं. गोव्यात असे दीडशेहून जास्त धर्मग्राम आहेत.

आता इतिहासाची एक गंमत बघा. युनेस्कोने १९८६ साली 'गोव्यातली चर्चं आणि मठ' जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते जुन्या गोव्यातले. पण त्यांच्यातले कितीतरी त्याआधीच रिकामे पडले होते. साथींमुळे लोकांनी जुनं गोवं सोडलं. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं. १८३५ मध्ये उरलेल्या संघांवरही पाळी आली. मठ ओस पडले. सेंट ऑगस्टिनचं चर्च आपल्या अवाढव्य दगडी घुमटीसाठी, म्हणजे कमानदार दगडी छतासाठी, नावाजलेलं होतं. वर्षाच्या वर्षाला डागडुजी करायला कुणी उरलं नाही आणि १८४२ मध्ये ती घुमटी खाली आली. आज तिथे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा तुकडा आभाळात बोट दाखवत उभा आहे. त्या मनोऱ्यातली प्रचंड घंटा मात्र वाचली. १८७१ मध्ये ती पणजीच्या इगर्जीवर चढवली, आणि ती आजही वाजते. मठाची घंटा गावच्या इगर्जीत वाचली.

गावच्या इगर्जी का टिकल्या? कारण त्यांच्यामागे गाव होतं, आणि गावामागे जमीन होती.

गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गांवकरी होती. गावाची शेतं, खाजणं (खाडीकाठच्या जमिनी), बांध सामाईक मालकीचे. गांवकार मिळून शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, करायचे, येणाऱ्या पैशातून बांध दुरुस्त करायचे, देवळाचा खर्च चालवायचे, उरलेलं वाटून घ्यायचे. पोर्तुगीजांनी या व्यवस्थेला 'कोमुनिदाद' नाव दिलं, पण मोडली नाही. देवळाच्या जागी इगर्ज आली आणि तिचा खर्च त्याच भातशेतीवर पडला. म्हणजे लिस्बनच्या राजाने पैसे पाठवले आणि चर्चं उभी राहिली, हे चित्र निदान गावांपुरतं खरं नाही. मळ्यात पिकलेल्या भाताने या भिंती उचलल्या. जोडीला कोन्फ्रारी होत्या, म्हणजे एकेका संताच्या नावाने चालणाऱ्या बांधवसभा. एक आल्तार (वेदी) एकीचा, दुसरा दुसरीचा. त्या सभांमध्ये जातीची उतरंडही जशीच्या तशी आली. फेस्ताच्या मानावरून गावात तंटे झाले ते त्यातूनच.

देवळाच्या जागी इगर्ज आली, हे वाक्य मी वर चटकन लिहून गेलो, पण त्यावर थांबायला हवं. जुन्या गोव्याच्या भोवतालच्या तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमाराला पाडली गेली, दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली १५६० नंतरच्या दशकात. लोकांनी रात्री-अपरात्री देव उचलून नदीपलीकडे, मुख्यतः अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) नेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला आणि मडगावात १५६५ मध्ये पवित्र आत्म्याची इगर्ज उभी राहिली. आजची तिथली इमारत १६७५ ची. तिच्यासमोरचं विस्तीर्ण पटांगण आणि मधला भलामोठा खुरीस (क्रूस) बघताना डोळे निवतात, आणि पायाखाली काय होतं तेही आठवतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक आठवून दुसरी पुसायची गरज मला कधी वाटली नाही.

पुढे काय झालं ते जास्त विचार करण्यासारखं आहे. अठराव्या शतकात अंत्रुजातली देवळं नव्याने बांधली गेली. कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभं राहिलं. त्या देवळापुढे उभं राहून वर बघा: अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, भिंतीत अर्धे बुडालेले खांब, कठडे. ही सगळी भाषा इगर्जीची. आणि उलट बाजूने, इगर्जींच्या आतलं लाकडी कोरीवकाम बघा, तर त्यातली कमळं, वेली आणि कोयऱ्या देवळातल्या. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने चर्चच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली होती. मनाई करावी लागली यातच सगळं आलं. दगड एक, चुना एक, हात एकाच मातीतले.

इगर्जीपुढे उभं राहून काय बघायचं

पटांगणात जरा लांब उभे राहा. समोर पांढरी भिंत, मधे मोठा दरवाजा, दोन्ही अंगांना बहुतेक मनोरे. भिंतीचे आडवे मजले मोजा. खालचा मजला दरवाजाचा. त्यावर खिडक्यांचा मजला. त्या खिडक्यांच्या मागे माळा असतो, गाणारे आणि वाजवणारे तिथे बसतात. त्याच्याही वर कमानदार किंवा शंखाच्या वळणाची शिरोभिंत, कोनाड्यात गावच्या संताची मूर्ती. या शिरोभिंतीच्या मागे काय आहे? काहीच नाही. छप्पर तिच्या बरंच खाली संपतं. ती भिंत एकटी आभाळाला सामोरी उभी असते. कळंगुटच्या सेंट आलेक्स इगर्जीच्या दर्शनी भागावर मनोऱ्यांमध्ये सुरेख घुमट आहे, पण आत जाऊन तो शोधलात तर सापडणार नाही. तो बाहेरच्यांसाठी आहे, शेतातून आणि होडीतून बघणाऱ्यांसाठी. गोव्यात त्या काळी माणसं पाण्यावरून प्रवास करायची. तिसवाडीतल्या दिवाडी बेटावर टेकडीच्या माथ्यावर पिएदादची इगर्ज आहे, ती मांडवीतून दिसते. तिचा आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोवेकर पाद्र्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केला. युरोपातून आलेल्या कुणा शिल्पकाराने नव्हे, इथल्याच एका माणसाने. हे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवं होतं.

आता आत चला. आत शिरलात की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की मधे एकही खांब नाही. एक लांब, सरळ, उंच दालन. टोकाला मोठी कमान. कमानीपलीकडे जरा अरुंद आणि उंचावलेला भाग, जिथे मुख्य आल्तार. मंडप आणि गाभारा म्हटलं तरी चालेल, काम तेच. हा आराखडा असाच का? सोळाव्या शतकात इटलीत ट्रेंटची परिषद झाली, १५४५ ते १५६३. प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने आपलं घर नीट लावलं. लोकांना उपदेश ऐकू यायला हवा, आल्तारावरचा विधी सगळ्यांना दिसायला हवा, असा आग्रह धरला गेला. खांबांच्या रांगांमागे अडकलेली माणसं ना बघू शकत, ना ऐकू शकत. म्हणून एकसंध दालन. रोममध्ये जेझुइटांनी १५६८ मध्ये असंच चर्च बांधायला घेतलं. गोव्यात नेमक्या त्याच काळात गावोगाव बांधकामं सुरू होती, त्यामुळे हा नमुना इथे ताजा ताजा आला.

डावी-उजवीकडे भिंतीच्या मध्यावर, माणसाच्या डोक्यावर लटकणारं लाकडी व्यासपीठ दिसेल. त्याला पुल्पित म्हणतात. ते आल्ताराजवळ का नाही? ध्वनिक्षेपक नव्हते. पाद्री दालनाच्या मधोमध चढून बोलला की पुढच्या आणि मागच्या रांगेला आवाज सारखा पोचतो. डोक्यावर त्याला लाकडाचं छत्र असतं, ते शोभेचं वाटलं तरी आवाज वर उडू नये, खाली लोकांवर परतावा यासाठी आहे. आणि आता त्या पुल्पिताच्या खाली वाका. गोव्यातल्या कितीतरी पुल्पितांचा भार तोलायला नागिणी आहेत: वरचं अंग बाईचं, खाली सापाचं किंवा मासोळीचं शेपूट. पाप तुडवलं गेल्याची खूण, असा त्यांचा अर्थ लावतात. असेलही. पण ज्या हाताने त्या कोरल्या त्याने नाग पहिल्यांदा इगर्जीत पाहिला नव्हता. माझ्या लेखी गोव्याचा सगळा इतिहास त्या हातभर लाकडात आहे, आणि दहातल्या नऊ माणसांची नजर तिकडे जात नाही, कारण ती समोरच्या सोनेरी आल्ताराकडे लागलेली असते.

तो आल्तारही बघण्यासारखाच. सागवानी लाकडाची मजल्यांवर मजले चढवलेली चौकट, पिळाचे खांब, कोनाड्यांत मूर्ती आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख. रोममध्ये १९६२ ते १९६५ दरम्यान झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाद्री लोकांकडे तोंड करून मीस (मुख्य उपासनाविधी) म्हणू लागला, म्हणून जुन्या आल्ताराच्या पुढे एक साधं मेज आलं. काही गावांनी जुन्याला हात लावला नाही. काही गावांत मात्र त्या उत्साहात जुनं लाकूड उतरलं, आणि उतरलेलं लाकूड पुन्हा सहसा चढत नाही.

आता मान वर करा. मंडपावर लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि कौलं, गाभाऱ्यावर मात्र बहुतेक ठिकाणी दगडी अर्धगोल घुमटी. दोन तऱ्हा का? जांभा दगड भार खालच्या खाली पेलतो, पण रुंद घुमटी भिंतींना बाहेर ढकलते आणि तो ढकलणारा जोर झेलायला भिंत फार जाड लागते. गाभारा अरुंद, तिथे जमतं. मंडप रुंद, तिथे गावच्या गवंड्याने धोका घेतला नाही. त्याने लाकूड वापरलं, आणि मंडप किती रुंद करायचा ते तुळई किती लांब मिळते त्यावर ठरवलं. सेंट ऑगस्टिनसारखी घुमटी मोठ्या मठाला परवडायची. तळावलीच्या सांतानाच्या इगर्जीने, १६८१ ते १६९५ मध्ये बांधलेल्या, ते धाडस केलं आणि निभावलं. तिची पाचमजली दर्शनी भिंत बघितल्यावर भोवतालचं गाव एवढंसं दिसतं. छपरांवर आधी नळीची कौलं असायची. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यावर चपटी मंगलोरी कौलं किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली, आपल्या कोकणातल्या घरांवर आली तशीच.

खिडक्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. काच महाग, आणि काचेतून ऊन तसंच्या तसं आत येतं. इथल्या लोकांनी खाडीतल्या एका चपट्या शिंपल्याचे चौकोनी तुकडे कापले. हा शिंपला इतका पातळ की प्रकाश आरपार जातो. लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा पाडून, कौलं लावतात तसे ते तुकडे एकावर एक सरकवत बसवले. आत येणारा उजेड दुधाळ होतो. मे महिन्यात भर दुपारी अशा खिडकीखाली बसा, उजेड असतो पण डोळ्यांवर येत नाही. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे जुनी खिडकी मोडली की तसेच नवे तुकडे मिळणं अवघड झालं आहे. म्हणून कुणी जुन्या घराच्या खिडक्या मोडीत काढत असेल तर ते तुकडे भंगारात जाऊ देऊ नयेत.

चिरा, चुना आणि सिमेंट

आता पुन्हा त्या टकटकीकडे. भिंत आतून जांभ्याची, म्हणजे चिऱ्यांची. कोकणातल्या माणसाला चिरा काय ते सांगायला नको. खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात लोकांना तो विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये 'विटे'साठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. लोहाने लाल, आणि स्पंजासारखा सच्छिद्र. हा त्याचा गुण आणि हाच दोष. तो पाणी पितो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडा चिरा हे पाणी पीत राहिला तर त्यातला मऊ भाग धुपतो, कण सुटतात, शेवटी भिंत आतून भुसभुशीत होते. कोरीवकामाला तर तो निरुपयोगीच. म्हणून जुन्या गोव्यातल्या श्रीमंत चर्चांनी दरवाजांसाठी आणि नक्षीसाठी वसईकडून काळा दगड जहाजाने मागवला. बॉम जेझसच्या दर्शनी भिंतीवरची नक्षी त्याच दगडातली आहे. गावच्या इगर्जीला हे परवडणारं नव्हतं. तिने नक्षी चुन्यात केली आणि अंगभर चुन्याचाच झगा घातला.

चुना म्हणजे काय ते एकदा बघून ठेवण्यासारखं आहे. खाडीतले शिंपले भट्टीत भाजतात, त्यातला कर्बवायू उडून जातो आणि पांढरी ठिसूळ कळी उरते. कळीवर पाणी ओतलं की ती फणफणते, वाफा सोडते आणि लोण्यासारखी होते. हे लोणी खड्ड्यात पाण्याखाली मुरवत ठेवायचं, जितकं मुरेल तितकं बरं. मग वाळू मिसळून, जुनी रीत असेल तर गुळाचं पाणी घालून, भिंतीला लावायचं. तिथे ते हळूहळू हवेतला कर्बवायू परत ओढून घेतं आणि पुन्हा शिंपल्याचं होतं तेच होतं: दगड. म्हणजे ही पांढरी भिंत एका परीने पसरून ठेवलेला शिंपलाच आहे.

चुन्याचा खरा गुण मात्र घट्टपणात नाही. तो मऊ आहे आणि श्वास घेतो. पावसात थोडं पाणी आत जातं, ऊन पडलं की तेच पाणी वाफ होऊन चुन्यातून बाहेर पडतं. पाण्याबरोबर आलेले क्षार चुन्याच्या थरात साचतात, थर थोडा पोपडतो, झडतो. दगड मात्र शाबूत. चुना झिजतो तो दगडाच्या वाटचं झिजणं स्वतःवर घेऊन. म्हणून दर वर्षी सफेती. हा रंगरंगोटीचा हट्ट नव्हे, हे भिंतीचं औषधपाणी आहे.

सिमेंट याच्या बरोबर उलटं वागतं. ते कडक असतं, श्वास घेत नाही. कुठेतरी केसाएवढी भेग पडतेच, तिथून पाणी आत जातं, आणि बाहेर यायला वाट राहत नाही. ते चिऱ्यात साचतं. क्षार गिलाव्याच्या मागे, दगडाच्या तोंडावर जमतात, स्फटिक होऊन फुगतात आणि चिऱ्याचा पापुद्रा उडवतात. आमच्या वाड्यावरच्या एका कपेलाला काही वर्षांपूर्वी भक्तिभावाने सिमेंटचा गिलावा झाला. वर्गणी मीही दिली होती. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळ्यांनाच वाटलं की आता पन्नास वर्षं बघायला नको. पाच-सहा पावसाळ्यांनी त्या गिलाव्याची एक सबंध ढलपी खाली आली, हातभर लांबीची. मी ती उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला बोटभर जाडीचा लाल चिरा चिकटलेला होता. गिलावा एकटा पडला नव्हता, भिंतीचं कातडं घेऊन पडला होता. त्या दिवसापासून मी गवंड्यांच्या मागे लागून हे सगळं विचारू लागलो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण गोव्यात रोज हजारो लोक बघतात. बॉम जेझस बॅसिलिका लाल दिसते, उघड्या चिऱ्याची. बहुतेकांना वाटतं ती मुळातच तशी आहे. ती १५९४ ते १६०५ मध्ये बांधली तेव्हापासून गिलाव्यात होती. पोर्तुगीज अमलाच्या शेवटी, १९५० च्या दशकात, बालताझार काश्त्रो या वास्तुरचनाकाराने ती 'जुनी' दिसावी म्हणून गिलावा उतरवला. तेव्हापासून तिचा चिरा पावसात उघडा आहे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर गोव्यात आजही वाद चालतो, कारण लाल रंगाची सवय झालेल्या पिढ्यांना तेच तिचं खरं रूप वाटतं. मला विचाराल तर तिला तिचा झगा परत मिळावा. लाल रंग कितीही देखणा असला तरी तो जखमेचा रंग आहे.

वसई आणि मुंबई

मराठी वाचकाला हा विषय गोव्यापुरता वाटू नये. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि उत्तर कोकणात अशाच इगर्जी उभ्या राहिल्या. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातलं पोर्तुगीज शहर उठलं आणि तिथली चर्चं हळूहळू बिनछपराची झाली. आज किल्ल्यात फिरताना सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा आणि आभाळाखालचा रिकामा मंडप दिसतो, तळात थडग्यांचे दगड. किल्ल्याबाहेरच्या गावांत मात्र शेतकरी, बागायतदार ख्रिस्ती तिथेच राहिले, म्हणून नंदाखाळचा १५७३ मधला धर्मग्राम आजही चालू आहे. इमारती बदलल्या, वाढल्या, पण गाव आणि घंटा यांचं नातं तुटलं नाही. जुन्या गोव्यात आणि बार्देशात जे दिसतं तेच इथेही: माणसं गेली तिथे भग्नावशेष, माणसं राहिली तिथे इगर्ज.

वसई मोहिमेत उतरवलेल्या घंटा मराठ्यांनी देवांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर कृष्णेकाठी अशी एक घंटा टांगलेली आहे; तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल आहे. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ आणि भीमाशंकर इथेही अशा घंटा आहेत. मेणवलीला गेलात तर घंटेला हात लावून बघा. त्या धातूचा आवाज आधी कुठल्यातरी धर्मग्रामाची दुपार सांगायचा.

आणि इगर्ज म्हणजे नेहमी जुनीच असं नाही. साळगावची इगर्ज १८७३ ची, टोकदार कमानींची, गोव्यातल्या बाकीच्यांपेक्षा अगदी वेगळी. मुंबईत दादरचं पोर्तुगीज चर्च वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात नव्याने बांधलं: उंच निमुळती छपरं, मधे मोकळी अंगणं, वारा खेळता राहील अशी रचना. पोर्तुगीज वळणाची एकही कमान न वापरता त्यांनी तोच जुना प्रश्न सोडवला, की आपल्या हवेत शे-दोनशे माणसांनी एकत्र बसायचं कसं.

गावच्या इगर्जींपुढे आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. फेस्ताला मंडप पुरत नाही, म्हणून बाजूच्या पडव्या पाडून भिंत सरकवायची टूम निघते. वाळवीने कैची खाल्ली की सागवान परवडत नाही, म्हणून स्लॅब पडते, आणि चिऱ्याच्या भिंतीवर तिच्या हिशोबाबाहेरचा भार येतो. जुन्या फरशांवर चकचकीत टाइल्स बसतात; खालची ओल मग जमिनीतून वर यायची थांबते आणि भिंतींमधून वर चढते. यातलं काहीही कुणी वाईट हेतूने करत नाही. माझा अनुभव असा की फेस्ताच्या वर्गणीत लोक हात सैल सोडतात, फक्त त्यांना सांगावं लागतं की पैसे कुठे गेले तर इगर्जीला बरं वाटेल. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जातंय का, गटार तुंबलंय का, मनोऱ्यावर पिंपळ उगवलाय का, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्याकडे सांक्रिस्तांव, म्हणजे इगर्जीची देखभाल करणारा माणूस, दर रविवारी मीस सुटल्यावर एक फेरी मारतो आणि पिंपळाचं रोप दिसलं की तिथल्या तिथे मुळासकट उपटतो.

यंदाच्या सतरा गोलांपैकी अकरा उघडून झाले आहेत. आत चिरा ओला आहे, म्हणून गवंड्याने लगेच भरायला नकार दिला. आठ-दहा दिवस ऊन खाऊ दे म्हणाला. इगर्जीच्या मागच्या अंगणात, माडाखाली, खड्ड्यात चुना मुरतो आहे. वर चार बोटं पाणी, त्यावर भिजवलेली गोणपाटं. संध्याकाळी घंटा झाली की त्याचा पोरगा येऊन त्यात आणखी एक बादली ओततो.